न खेळलेला हिवाळा

नोव्हेंबरच्या मध्यावर कधीतरी एक दिवस येतो, त्या दिवशी आम्ही एसी बंद करतो. कॅलेंडरवर तो कुठे लिहिलेला नसतो. संध्याकाळी कुणीतरी सहज गॅलरीचं दार उघडतं, बाहेरची हवा आत येते, आणि आम्ही एकमेकांकडे बघून विचारतो, करायचा का बंद? एप्रिलपासून अखंड चाललेली घरघर थांबते. इतके महिने आपण एका आवाजाच्या पोटात राहत होतो हे तेव्हा कळतं. मग बाकीचे आवाज हळूहळू परतू लागतात. वरच्या मजल्यावरचा नळ, समोरच्या इमारतीतल्या कुकरची शिट्टी, जिन्यात चपला घासत जाणारं कुणीतरी. आणि खाली पार्किंगमध्ये शटलवर बसणारा रॅकेटचा फटका.

शारजातल्या आमच्या इमारतीखाली थंडी पडली की लोक दोन गाड्यांच्या मधल्या जागेत बॅडमिंटन खेळतात. नेट नसतं, रेषा नसतात, वारा आला की शटल कुणाच्या तरी बॉनेटवर जाऊन पडतं. गॅलरीत न जाता, नुसत्या आवाजावरून मला कळतं की कोण मनगटातून मारतंय आणि कोण सगळा खांदा लावतंय. माझी पाच वर्षांची मुलगी विचारते, "आई, कॅन वी गो डाऊन?" मी तिला बाबांबरोबर पाठवते. नवऱ्याने लग्नानंतर पहिल्याच वाढदिवसाला मला एक चांगली रॅकेट आणून दिली होती. मी ती मनापासून आवडली असं सांगितलं आणि कपाटात ठेवली. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. तो समजूतदार आहे.

एसी बंद झाल्यावरच्या त्या शांततेत मला दहा वर्षांपूर्वीची अल ऐनची थंडी आठवते. मी तिथे बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हाची.

बाबा रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात सुपरवायझर होते. कितीही धुतली तरी त्यांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये राखाडी धूळ राहायचीच. त्या उन्हाळ्यात कारखान्याने माणसं कमी केली आणि त्यात बाबांचा नंबर लागला. व्हिसा रद्द झाला, घर रिकामं केलं, आई-बाबा चिपळूणला गेले. माझं एकच वर्ष राहिलं होतं, म्हणून कॉलेजने माझा व्हिसा आपल्या नावावर करून घेतला. हॉस्टेल मात्र आता आम्हाला झेपणारं नव्हतं. अशा वेळी केळुसकर काकांनी बाबांना फोन केला. मुलाची खोली आमच्याकडे रिकामीच पडली आहे, पोरीला आमच्याकडे ठेवा, तुम्ही निर्धास्त जा, असं म्हणाले.

काकांचा मसाले, पापड, चिवडा यांचा धंदा होता. गोदाम दुबईत होतं, एक दुकान आणि घर अल ऐनमध्ये, कारण काकूंना दुबईची गडबड सोसायची नाही. काकांना दोन वेडं, एक धंद्याचं आणि दुसरं बॅडमिंटनचं. भारतीय कंपन्यांच्या शुक्रवारच्या स्पर्धांमध्ये ते स्वतःची टीम उतरवायचे. कॉलेजच्या एका सामन्यात त्यांनी मला आणि माझी जोडीदार बिंदूला पाहिलं, आणि तेव्हापासून शुक्रवारी आम्ही दोघी त्यांच्या टीमकडून खेळू लागलो. त्यांच्या दुकानाचं नाव पाठीवर छापलेला हळदीच्या रंगाचा टी-शर्ट घालून. म्हणजे ओळख होती ती अशी होती. पण बाबांना फोन करताना ते बॅडमिंटनबद्दल एक शब्द बोलले नव्हते, आणि आम्हालाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. आपला माणूस अडचणीत आहे, आपल्याकडे खोली आहे. परमुलखात आणखी काय लागतं?

त्यांचा मुलगा निखिल अमेरिकेत शिकत होता. शुक्रवारी त्याचा फोन यायचा. काकू मराठीत विचारायच्या, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा, आणि फोन ठेवल्यावर काकू त्याची उत्तरं मला मराठीत सांगायच्या. जणू मी खोलीत नव्हतेच. त्याच्या खोलीत त्याच्या क्रिकेटपटूंच्या चित्रांखाली मी झोपायचे. सकाळी दाराशी चहा आणि दोन खारी ठेवलेल्या असायच्या. काकू उठवायच्या नाहीत, दारावर नुसती बोटं वाजवायच्या. त्यांच्या हातची सोलकढी, सुरमईचं तिखलं, रविवारी कॉलेजला नेण्यासाठी आंबोळ्यांचा डबा. माझा खेळ मात्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. हॉलमध्ये फार गार असतं, असं त्या म्हणायच्या.

बिंदू माझ्याहून उंच होती. तिची आई अल ऐनच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स होती. दुहेरीच्या खेळाची गंमत अशी की त्यात जोडीदाराचं तोंड फारसं दिसत नाही. एक पुढे, एक मागे. मागची कुठे आहे हे पुढचीने वळून बघायचं नसतं, बुटांच्या आवाजावरून ओळखायचं असतं. नेटपाशी उभी राहिलेली बिंदू नुसतं माझं नाव घ्यायची, आणि ते कोणत्या पट्टीत घेतलंय त्यावरून मला कळायचं की शटल डावीकडे जाणार, उजवीकडे, की थेट मागच्या रेषेवर. आमचं एकमेकींशी कॉलेजात फार बोलणं व्हायचं असंही नाही. तिला माझ्या घरची परिस्थिती नीट माहीत नव्हती, मला तिच्या घरची. पण कोर्टवर पाठीमागे ती किंवा मी असायचोच.

त्या दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काकांनी माइक हातात घेतला. फराळाला मसाला त्यांच्याकडून आला होता, म्हणून दोन शब्द बोलायला त्यांना वर बोलावलं होतं. दोन शब्दांवर थांबतील तर ते काका कसले. त्यांनी मला स्टेजवर ओढलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अभिमानाने सगळ्यांना सांगितलं की ही आमची चॅम्पियन, आमच्याच घरी राहते, आमच्याच घरचं खाते आणि आमच्याच टीमकडून खेळते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. त्या हॉलमध्ये दुसऱ्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक सहकुटुंब बसले होते, हे आम्हाला पुढे समजलं.

आठवड्याभरात मला आणि बिंदूला क्रीडा विभागात बोलावणं आलं. आमचे विभागप्रमुख इद्रिस नावाचे सुदानी गृहस्थ होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. उंच, सावळे, अतिशय हळू बोलणारे. त्यांनी आम्हाला बसवलं, साखर घातलेला काळा चहा दिला आणि नियम समजावून सांगितला. कॉलेजांच्या स्पर्धेत खेळणाऱ्याने कुठल्याही कंपनीकडून किंवा कंपनीशी संबंधित माणसाकडून वस्तू, जेवणखाण, राहण्याची सोय, यांपैकी काही घ्यायचं नाही. कंपन्या विद्यार्थ्यांना आमिषं दाखवून पळवायला लागल्या होत्या, म्हणून तो नियम केला होता. उस्ताद म्हणाले की नियम चांगला आहे, तो त्यांनीच लिहायला मदत केली होती. बिंदूने काकांच्या टीमकडून बूट, किट आणि रॅकेटी घेतल्या होत्या. मी त्याशिवाय घरही घेतलं होतं. दोघींनाही स्पर्धेतून निलंबित केलं होतं.

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजी-हिंदीत सांगायचा प्रयत्न केला की ते माझ्या वडिलांचे मित्र आहेत, ते असं काही मनात आणून करत नाहीत. उस्तादांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "उद्या तू खेळणं सोडून दिलंस, तर ती खोली तुझी राहील?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि मला ते म्हणता आलं नाही. त्या वेळी खिडकीबाहेर माळी गवतावर पाइपने पाणी मारत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. बिंदूने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचे कपडे घालून उस्तादांना भेटायला गेले. जाताना म्हणाले, इन्शाल्ला सगळं ठीक होईल, माणूस माणसाशी बोलला की मार्ग निघतो. दुपारी परत आले आणि बूट न काढताच सोफ्यावर बसले. काकूंनी पाणी आणून दिलं. मग त्यांनीच सांगितलं. ते उस्तादांना म्हणाले होते, ती माझ्या मुलीसारखी आहे. त्यावर उस्ताद म्हणाले, मुलीसारखी आहे, तर मग तिच्या पाठीवर तुमच्या दुकानाचं नाव का आहे?

"याच्यावर मी काय बोलणार होतो?" काका म्हणाले. "खलास."

त्या दिवसानंतर काका माझ्याशी कमी बोलू लागले. चिडले नव्हते. त्यांना माझ्याशी काय बोलायचं ते सापडत नसावं. आधी गाडीतून सरावाला सोडताना सगळा रस्ता ते बोलत असत. प्रत्येक राउंडअबाउटला एक जुना सामना. आता गाडीने जायचं कारणच उरलं नव्हतं. दुकानात बिलाच्या काउंटरमागे माझा आणि बिंदूचा कप घेतलेला फोटो होता, तोही एके दिवशी दिसला नाही. त्याच्या जागी खिळा तेवढा राहिला होता. शुक्रवारच्या स्पर्धेतून त्यांनी टीमही काढून घेतली. जेवताना त्यांचं लक्ष टीव्हीवर असे. मी भांडी उचलायला उठले की ते म्हणायचे, राहू दे, राहू दे, आणि त्या राहू देमध्ये मला स्वतःला पाहुणी झाल्यासारखं वाटायचं.

बिंदू सुटली. तिने बूट, रॅकेटी, बॅग, सगळं एका मोठ्या पिशवीत भरून परत केलं, यापुढे कंपनीकडून खेळणार नाही असं सांगितलं, आणि काही सामने बाहेर बसवून तिला परत घेतलं. माझ्यासाठीही वाट होती. आणि ती उस्तादांनीच काढली, हे सांगायला हवं. कुणाकुणाशी बोलून त्यांनी कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये माझ्यासाठी एक बिनपैशांची खाट मिळवली. कॉलेजने दिलेली जागा नियमात बसत होती. मी केळुसकरांचं घर सोडायचं, हॉस्टेलवर जायचं, आणि सीझनच्या उत्तरार्धात मला खेळता येणार होतं. बिंदू कँटीनमध्ये माझ्या शेजारी बसून हिंदीत म्हणाली की एक खोलीच तर सोडायची आहे, त्यात एवढा विचार काय करायचा. तिचं बरोबर होतं.

बाबांचा फोन आला तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. आईने काहीबाही विचारलं, मग फोन त्यांच्याकडे गेला. ते खेळाविषयी बोललेच नाहीत. कुणाच्या उपकारात राहू नये एवढंच म्हणाले. आपल्या लेकीने दुसऱ्याच्या घरी खाल्लेलं अन्न कुणीतरी गैर ठरवलं होतं, आणि ती दुसऱ्याच्या घरी का जेवत होती त्याचं कारण ते स्वतः होते. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

त्या दिवसांतली सगळ्यात अवघड वेळ दुपारी चार ते सहा होती. एरवी ती सरावाची वेळ. शरीराला निलंबन कळत नाही. चार वाजले की पोटऱ्या ताठ व्हायच्या, उजव्या हाताची बोटं आपोआप मिटायची. मी निखिलच्या टेबलावर अकाउंट्सचं पुस्तक उघडून बसायचे आणि एकही ओळ डोक्यात शिरायची नाही. शेवटी मी चालायला बाहेर पडू लागले. अल ऐनमध्ये कुणी चालत नाही. रुंद, स्वच्छ रस्ते, दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या उंच भिंती, आणि त्या भिंतींवरून बाहेर डोकावणारी बोगनवेल. खजुरीच्या बागांच्या मातीच्या कुंपणाला लागून मी चालायचे. आत पाटाचं पाणी वाहताना ऐकू यायचं, दिसायचं नाही. एखादी गाडी शेजारी हळू व्हायची. आत बसलेल्यांना वाटायचं की माझी गाडी बंद पडली आहे. मी हात हलवून त्यांना जायला सांगायचे.

मग रमजान आला. त्या वर्षी तो थंडीतच होता. संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी रस्त्यावरच्या गाड्या एकदम वेगात धावायच्या, आणि पुढच्या काही मिनिटांत सगळं रिकामं. उपास सोडायच्या तोफेचा आवाज व्हायचा. सगळ्या शहराने एकाच क्षणी तोंडात खजूर घातलेला असायचा, सगळी माणसं आपापल्या माणसांबरोबर जमिनीवर बसलेली असायची, आणि सिग्नल लाल-हिरवे होत राहायचे कुणासाठीही नाही. त्या रिकाम्या चौकात मी एकटी उभी असायचे. एकटेपणा मला आधी माहीत नव्हता असं नाही. पण इतकं मोठं, इतकं नीटनेटकं, दिवे लावलेलं एकटेपण मी नंतरही पाहिलं नाही.

लांबून जबल हफीतचा डोंगर निळा दिसायचा. मी परत फिरायचे. काकू दारात नसायच्या, पण दार लोटलेलं असायचं, आणि आत गेल्यावर कढईत काहीतरी चुरचुरत असायचं. तू कुठे गेली होतीस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. कोथिंबीर निवडायला समोर ठेवायच्या आणि दोन दिरहॅमची जुडी म्हणजे वीस रुपये झाले गं, असं दर वेळी नव्याने नवल करायच्या. मग निखिल लहान असताना काय करायचा ते सांगायच्या, सासूबाई कशा होत्या ते सांगायच्या. मी ऐकायचे, काही वेळा नुसती मान हलवायचे. मनात उस्तादांचा प्रश्न चालू असायचा. मी खेळत नाही. मग ही खोली माझी आहे का? काका बोलत नाहीत, म्हणजे ते माझ्या जाण्याची वाट बघताहेत का? काकू कोथिंबीर निवडायला देतात, म्हणजे मी आता या घरात कशाच्या बदल्यात राहते आहे?

एका सकाळी मी बॅग भरली. हॉस्टेलची खाट उस्तादांनी अजून राखून ठेवली होती. मी नाश्त्याला आले आणि काका-काकूंना सांगितलं की मी आज हॉस्टेलवर जाते. काकांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. ते म्हणाले, हे बरं झालं, यल्ला, चल, मग तू सेमीफायनल तरी खेळशील, मी गाडी काढतो. ते किल्ली आणायला उठलेसुद्धा.

काकू माझ्या ताटलीत पोहे वाढत होत्या. त्यांनी डाव खाली ठेवला.

"खेळायला जात असशील तर जा," त्या म्हणाल्या. "आम्हाला अडचण होते असं वाटून जात असशील, तर जाऊ नकोस."

काका किल्ली हातात घेऊन दारात उभे राहिले. मी पोहे खाऊ लागले. दोन्ही कारणं खरी होती, आणि त्यातलं कुठलं जास्त खरं ते मला ठरवता येईना. मला खेळायचं होतं. आजही रात्री स्वप्नात मी कधी कधी सर्व्हिस करते. पण तिथून उठून गेले असते तर उस्तादांच्या प्रश्नाचं उत्तर मला कधीच मिळालं नसतं. खोली खेळासाठी होती असं कबूल करून मी खेळायला जाणार होते. आणि खोली कशासाठी होती हे मला जाणून घ्यायचं होतं. वीस वर्षांच्या मुलीला एवढं नीट कळलं होतं असं मी म्हणणार नाही. मी एवढंच केलं, की पोहे संपवले, खोलीत गेले आणि बॅगेतले कपडे परत खणात ठेवले. काका मग एकटेच गाडी काढून दुबईला गेले.

ईद झाल्यावर आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये फायनल होती. बिंदूबरोबर सेकंड इयरची एक नवी मुलगी खेळणार होती. मी जाणार नव्हते. त्या दिवशी दुपारी काकूंनी चांगली साडी नेसली, अंगावर शाल घेतली आणि म्हणाल्या, चल, मला दाखव तुमचा तो खेळ. काका घरी नव्हते. आम्ही टॅक्सीने गेलो आणि गॅलरीत अगदी वर बसलो. हॉलचा तो वास, रबराचा, पॉलिशचा, घामाचा, आणि एसीची ती गार पट्टी मानेवर. काकूंनी शाल घट्ट लपेटली आणि हळूच म्हणाल्या, खरंच गार असतं हं.

नवी मुलगी चांगली खेळत होती. मला ती वाईट खेळायला हवी होती, पण नाही, ती चांगलीच होती. पहिला गेम त्यांनी घेतला. दुसऱ्यात एक लांबलचक रॅली चालली होती. समोरच्या जोडीने एक उंच शटल बिंदूच्या डोक्यावरून मागे टाकलं. बिंदू नेटपाशी होती. मागे न बघता तिने हाक मारली.

"मंजू!"

नवी मुलगी क्षणभर थांबली. तिचं नाव मंजू नव्हतं. शटल मागच्या रेषेच्या आत पडलं. कुणीतरी हसलं. बिंदूने वळून त्या मुलीकडे पाहिलं, हात जोडल्यासारखं केलं, आणि टॉवेलने तोंड पुसत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"तुला बोलावलं तिने," काकू म्हणाल्या.

"सवयीने, काकू."

काकूंनी माझा उजवा हात शालीखाली ओढून घेतला आणि सामना संपेपर्यंत सोडला नाही. माझी बोटं मिटून घट्ट मूठ झाली होती हे त्यांनी हात घेतला तेव्हा मला कळलं. बिंदू आणि ती मुलगी जिंकल्या. आम्ही बक्षीस समारंभाला थांबलो नाही.

निघताना दरवाजापाशी उस्ताद इद्रिस उभे होते. मी काकूंची ओळख करून दिली. त्यांनी छातीवर हात ठेवून काकूंना सलाम केला. मग मी त्यांना सांगितलं की तुम्ही जे विचारलं होतं त्याचं उत्तर हो आहे, खोली माझी राहिली. त्यांना ते लगेच आठवलं. त्यांनी मला सांगितलं की आता हा निर्णय बदलता येणार नाही आणि बदलला तरी उपयोग नाही, सीझन संपला. मग म्हणाले, माफ कर. त्यांनी माफी का मागितली हे मला तेव्हा कळलं नाही. नियम त्यांचा होता, आणि नियम चुकीचा नव्हता.

पुढे परीक्षा झाली, मी पास झाले, चिपळूणला गेले. विमानतळावर काका सोडायला आले होते. गाडीत ते जुन्या एका सामन्याबद्दल बोलायला लागले आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, त्या दिवशी माइक हातात घ्यायला नको होता. मी म्हटलं, काका, असू दे. लग्नानंतर मी परत इकडे आले ती शारजाला, ऑफिस, घर, मुलगी. बिंदूशी दोन-तीन वर्षं ईद-दिवाळीला फोन होत होते, नंतर ती कॅनडाला गेली. भांडण कसलंच नव्हतं. आमचं बोलणं कोर्टवर व्हायचं, आणि कोर्ट राहिलं नाही.

परवा एसी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने अल ऐनला गेलो. मुलीला प्राणी दाखवायचे होते. परतताना मी नवऱ्याला गाडी त्या गल्लीतून घ्यायला सांगितली. घराला वेगळा रंग दिलाय, कुंपणाला लागून कुणाच्या तरी मुलांच्या सायकली होत्या. मी उतरले नाही.

संध्याकाळी कुडाळला काकूंना फोन लावला. काका जाऊन दोन वर्षं झाली. धंदा विकून ते आधीच गावी परतले होते. निखिल अजून अमेरिकेत आहे. काकू एकट्या राहतात, शेजारची एक बाई सोबतीला झोपायला येते. मी घर पाहिल्याचं सांगितलं. त्यांनी कोणता रंग दिलाय ते विचारलं, पडद्यांचं विचारलं.

"मंजू, एक सांगू? रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी तुझा खेळ बंद झाला ना, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. तू घरी असायचीस. रोज देवापुढे म्हणायचे, पोरीचा खेळ परत सुरू होऊ दे. आणि मनात म्हणायचे, इतक्यात नको. यांनाही कधी बोलले नाही मी हे."

मला ती सकाळ दिसली, पोह्यांची. खेळायला जात असशील तर जा, असं म्हणताना त्यांनी डाव खाली ठेवला होता. मला तेव्हा वाटलं होतं की त्या मला काहीतरी देताहेत. त्या स्वतःजवळचं काय सोडायला निघाल्या होत्या, ते मला दहा वर्षं कळलं नव्हतं.

"मलाही बरंच वाटायचं, काकू," मी म्हणाले. त्या हिवाळ्यात मला एक दिवसही बरं वाटलं नव्हतं.

"खोटं बोलतेस," काकू म्हणाल्या, पण आवाज हलका झाला होता. मग त्यांनी विचारलं, आज काय केलंस जेवायला? मी सांगितलं. सोलकढीला आगळ किती घातलंस, खोबरं ताजं मिळालं का, पोर तिखट खाते का. मी एकेक सांगत गेले. फोनकार्डावरची मिनिटं संपत आल्याचं मधूनमधून रेकॉर्ड केलेल्या आवाजातली बाई इंग्रजीत सांगत होती. आम्ही तिच्याकडे लक्ष न देता बोलत राहिलो, फोन आपोआप तुटेपर्यंत.